खिशात मावेल असं रिव्हॉल्व्हर

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या संपादिकाबाईंचा फोन आला, तेव्हा त्यांना माझ्याकडून चकलीच्या भाजणीवर लेख हवा होता. लेकीकडे राहायला आलेल्या सदुसष्ट वर्षांच्या बाईकडून आणखी काय मागणार? मी म्हटलं, भाजणी मला विकतचीच लागते. मी एकतीस वर्षं सांगलीत बंदुकांच्या दुकानाच्या काउंटरवर बसले, त्यावर लिहू का? "बंदुकांच्या?" त्यांनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "लिहा, पण सौम्य लिहा." तसा प्रयत्न करते.

दुकान सासऱ्यांनी काढलेलं. मागच्या खोलीत आमचे हे दुरुस्तीचं काम करायचे आणि पुढे काउंटरवर मी, कारण यांना गिऱ्हाइकाशी बोलायचा मनस्वी कंटाळा. नवीन गिऱ्हाईक आत आलं की आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागे बघायचं आणि विचारायचं, "साहेब नाहीत का?" साहेब आहेत, पण ते बोलत नाहीत, असं मी सांगायची. दुसऱ्या खेपेपासून तो माणूस मला वहिनी म्हणायला लागायचा.

आमची बहुतेक गिऱ्हाइकं शेतकरी. त्यांना लांब नळीची बंदूक लागायची, रानडुकरांना हुसकायला. पण वर्षाकाठी काही माणसं अशी यायची, ज्यांच्या हातात नवाकोरा परवाना असायचा आणि आवाज खाली आलेला असायचा. "रोज जवळ बाळगता येईल असं काही दाखवा. कुणाला दिसायला नको." ही माणसं मला लगेच ओळखू यायची. ती काचेतल्या मालाकडे बघायच्या आधी स्वतःच्या खिशाकडे बघायची.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्रात पाच किंवा सहा काडतुसं बसणारं हत्यार. पिस्तुलापेक्षा ते साधं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. म्हणून नवख्या माणसाला आम्ही तेच सुचवायचो. आता, खिशात मावायचं तर ते लहान नि हलकं हवं. पण लहान नि हलकं रिव्हॉल्व्हर हातात जोरात उसळतं, त्याची मूठ पंजात पुरती बसत नाही आणि नळी आखूड असल्यामुळे नेमही चटकन साधत नाही. जे बाळगायला सोपं ते चालवायला अवघड, आणि चालवायला सोपं ते माणूस पंधरा दिवसांत कंटाळून कपाटात ठेवतो. निवड करायची ती या दोन्हींच्या मधे कुठेतरी. आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना हे पटायचं नाही. त्यांना सगळ्यात लहान हवं असायचं.

हे गेले आणि दोन वर्षांत मी दुकान बंद केलं. परवाना सरकारला परत केला, माल दुसऱ्या विक्रेत्याकडे गेला, काचेचं काउंटर एका मिठाईवाल्यानं नेलं. आता मी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या नासला लेकीकडे, मृणालकडे असते. ती औषधांच्या कारखान्यात शास्त्रज्ञ आहे. इथल्या पोलिसाच्या कमरेला बंदूक नसते. पहिल्या आठवड्यात एकाला बाजारात बघितलं तेव्हा माझी नजर सवयीनं त्याच्या पट्ट्याकडे गेली आणि तिथे काहीच नव्हतं. स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून इथे कुणाला परवाना मिळतच नाही. चांगलंच आहे ते. पण मला जे येतं ते विचारणारं या देशात कुणीच नाही, हे कळायला मला एक हिवाळा लागला. भांडी घासताना मी मनातल्या मनात गिऱ्हाइकांशी बोलायची. "हात पुढे करा बघू. बोटं लांब आहेत तुमची, ही मूठ पुरायची नाही." मृणाल विचारायची, "आई, काही म्हणालीस?" मी म्हणायची, नाही गं.

तर मागच्या मार्चमध्ये निखिल आला.

निखिल मृणालच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ. तेव्हा डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, बायकोबरोबर तिथल्याच सँट्री भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. पुण्याचा, तिशीचा, अतिशय सभ्य मुलगा. माझ्या नातीनं दार उघडलं आणि आतल्या बाजूला ओरडून सांगितलं, "आजी, युअर मॅन फ्रॉम डब्लिन इज हिअर!" ("युअर मॅन" म्हणजे इथल्या बोलीत नुसतं "तो माणूस".) तो मृणालला भेटायला आला असेल असं मला वाटलं. पण मृणाल कामावर आहे हे त्याला माहीत होतं. त्याला मीच हवी होते.

चहा होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलला. कंपनी त्याला अमेरिकेत पाठवत होती, टेक्ससला. मग त्यानं लॅपटॉप उघडला. आडवे-उभे रकाने करून त्यानं पाच रिव्हॉल्व्हरांची यादी बनवली होती. वजन, लांबी, काडतुसं किती, लोकांचं मत काय.

"काकू, माझी दीदी म्हणाली तुमचं दुकान होतं. मला तिकडे गेल्यावर एक छोटं घ्यायचंय. रोज कॅरी करायला. परदेशी माणसाला आधी कसलंतरी शिकारीचं लायसन्स काढावं लागतं असं मित्र म्हणतो, ते बघेन मी. पण यातलं कुठलं घेऊ, ते तुम्ही सांगा."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सहा वर्षांनी कुणीतरी विचारत होतं. मी पदर खोचला, चष्मा लावला आणि त्याची यादी वाचायला घेतली. त्यातली दोन नावं तर मी ऐकलेलीही नव्हती. पण आकडे बघून हातात ती कशी लागतील हे मला कळत होतं.

"हे सगळ्यात हलकं का निवडलंस?"

"कळणारच नाही खिशात आहे म्हणून."

"खिशात आहे हे कळायलाच हवं," मी म्हटलं. "हात पुढे कर."

मी त्याचा पंजा बघितला, करंगळी कुठे संपते ते बघितलं. मग घोडा म्हणजे काय ते सांगितलं. मागच्या बाजूचा तो आकडा, जो काडतुसावर आपटतो. खिशातून ओढताना तो अस्तरात अडकतो, म्हणून यादीतलं ज्याचा घोडा आत झाकलेला होता ते बरं, असं सुचवलं. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत. आणि मग आम्ही सांगलीत करायचो ते केलं. तिथे आम्ही नव्या गिऱ्हाइकाला हत्याराच्याच वजनाचा एक लाकडी-शिशाचा तुकडा द्यायचो आणि आठ दिवस तो खिशात घालून फिरायला सांगायचो. इथे मी प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, तूरडाळ काढली. वजनकाट्यावर सातशे ग्रॅम मोजून पिशवीत घट्ट बांधली आणि त्याच्या जॅकेटच्या उजव्या खिशात घातली.

"आता कॅनालपर्यंत जाऊन ये. बाकावर बस, वाकून बुटाची नाडी बांध, कुणी भेटलं तर दोन शब्द बोल."

तो हसला, पण गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा हसू नव्हतं. डाळ टेबलावर ठेवून म्हणाला, "काकू, माझा हात सारखा तिथेच जात होता. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते, मला काहीतरी विचारत होते. माझं लक्षच नव्हतं."

"असंच होतं."

"मग सवय होते ना?"

तेव्हा मी त्याला पोतदार अण्णांची गोष्ट सांगितली. ती मी मृणाललाही कधी सांगितली नव्हती.

पोतदार अण्णा मिरजेजवळच्या एका गावात सराफ होते. साठीचे, बारीक अंगाचे, नेहरू शर्ट आणि पायजमा. संध्याकाळी दुकान बंद करून घरी चालत जायचे. एकदा दोघांनी त्यांना अडवलं, पिशवी नेली आणि जाता जाता गटारात ढकललं. पिशवीत फारसं काही नव्हतं. पण त्या ढकलण्यानं अण्णा आतून हलले. दीड वर्ष खेटे घालून त्यांनी परवाना मिळवला आणि आमच्याकडे आले.

त्यांना सगळ्यात लहान हवं होतं. मी त्यांना तीन वेळा परत पाठवलं. हात बघितला, मनगट बघितलं, शिशाचा तुकडा देऊन फिरायला लावलं. शेवटी बत्तीस बोअरचं एक मध्यम वजनाचं निवडलं. अडचण एकच होती, त्याचा घोडा उघडा होता आणि नेहरू शर्टाच्या खिशात तो अडकायचा. अण्णा शर्ट बदलायला तयार नव्हते. तेव्हा मी म्हटलं, शर्ट आणून द्या.

मी त्यांचे चार शर्ट उसवले आणि प्रत्येकाला नवा खिसा शिवला. बाहेरून साधाच, आतून जाड दोसुती आणि तिच्यावर गुळगुळीत सॅटिनचं अस्तर. तोंड थोडं रुंद, तिरकं. हे मागून येऊन बघत होते. रिकामं रिव्हॉल्व्हर त्यांनी त्या खिशातून पंचवीस वेळा ओढून पाहिलं. एकदाही अडकलं नाही. "तू माझ्यापेक्षा चांगली कारागीर आहेस," असं ते म्हणाले. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझी तोंडावर केलेली स्तुती ती एवढीच, म्हणून लक्षात आहे.

अण्णा शिस्तीचे. दर महिन्याला येऊन रिव्हॉल्व्हर साफ करून न्यायचे. आमच्यासमोर रिकाम्या हत्यारावर सराव करायचे. निवडणुकीच्या दिवसांत परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, ते पहिल्या दिवशी जमा करायचे आणि पावती घेऊन जायचे. पाच वर्षांत त्यांना एकदाही ते बाहेर काढावं लागलं नाही. मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना त्यांचं उदाहरण द्यायची.

मग एका सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसले होते. आत आले, रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, हे ठेवून घ्या."

मी विचारलं, काय झालं?

त्यांच्या दुकानासमोर दत्तू नावाचे घड्याळजी बसायचे. वीस वर्षं रोज दुपारी तीन वाजता दत्तू आपला स्टूल घेऊन अण्णांच्या दुकानात यायचे आणि दोघं चहा प्यायचे. आदल्या संध्याकाळी अण्णा चष्म्याची डबी दुकानाबाहेरच्या फळीवर विसरले. दत्तूंना ती दिसली. डबी घेऊन ते सायकलवरून मागे आले आणि अंधारून आलेल्या बोळात त्यांनी मागून अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी वळलो तेव्हा ते माझ्या हातात होतं," अण्णा म्हणाले. "कधी काढलं ते मला कळलंसुद्धा नाही."

यांनी मागच्या खोलीतून विचारलं, "अडकलं नाही?"

"नाही," अण्णा म्हणाले. "तुम्ही शिकवलंत तसं सरळ आलं."

दत्तूंच्या हातातून डबी पडली. अण्णांना त्यांचा चेहरा दिसत होता, ओळखूही येत होता, पण हात खाली येईना. किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नाही. मग दत्तू सायकल तिथेच टाकून चालत निघून गेले.

यांनी हात पुसले, बाहेर आले, रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि पावती लिहिली. काही महिन्यांनी अण्णा बाजारात भेटले. मी घरच्यांची चौकशी केली. ते म्हणाले, "सगळं बरं आहे. दत्तू चहाला येत नाही. नमस्कार करतो, पण येत नाही." त्यांच्या अंगात मी शिवलेल्या खिशाचाच शर्ट होता.

त्या दिवसापासून यांच्यात एक बदल झाला. बोलायचा कंटाळा असलेला हा माणूस प्रत्येक लहान रिव्हॉल्व्हरच्या गिऱ्हाइकासाठी मागच्या खोलीतून उठून पुढे यायला लागला. हत्यार दाखवायच्या आधी ते एकच विचारायचे, "कुणाला भिता?" काही चिडायचे. काही उठून जायचे, आमचं गिऱ्हाईक तुटायचं. काही मात्र खुर्चीत बसायचे आणि तासभर बोलायचे. कुणाचा भाऊ असायचा, कुणाचा भागीदार. एका बाईचा जावई होता. त्यातल्या काहींना आम्ही रिव्हॉल्व्हर दिलं, त्यांना ते खरंच हवं होतं. पण मला वाटत राहिलं की हा प्रश्न मी अण्णांना विचारायला हवा होता. मी त्यांचा हात बघितला, मनगट बघितलं, खिसा बघितला. काउंटरवर मी होते.

निखिलनं कपाला हातही लावला नव्हता. चहा थंड झाला होता. मी त्याला विचारलं, "तू कुणाला भितोस?"

तो म्हणाला, "टेक्ससला म्हणे सगळ्यांकडेच असतं, काकू. म्हणून."

"तिथे तू अजून गेला नाहीस."

त्यानं लॅपटॉप बंद केला. झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सँट्रीच्या बसस्टॉपवर. नोव्हेंबरमध्ये."

सायंकाळी पाचची वेळ. चार-पाच पोरं. त्यांनी त्याला घेरलं, तुझ्या देशात परत जा म्हणाले, चष्मा ओढून पायाखाली चिरडला आणि दोन ठोसे मारले. काही चोरलं नाही. स्टॉपवर आणखी माणसं होती. बायकोला त्यानं सांगितलं, धावताना पडलो. ऑफिसात तेच. तेव्हापासून तो त्या स्टॉपवर गेला नव्हता. आधीच्या स्टॉपपर्यंत उलट्या दिशेनं चालत जायचा आणि चाळीस मिनिटं आधी घर सोडायचा. चार महिने.

"कुणालाच बोललो नाही, काकू. आत्ता पहिल्यांदा." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "मी एकालाही हात लावला नाही. हात वर करून उभा राहिलो."

हे असते तर काय म्हणाले असते, याचा मी विचार केला. ते नुसते शेजारी बसून ऐकायचे. म्हणून मी म्हटलं, "शनिवारी मी येते. आपण त्या स्टॉपवर जाऊन बसू."

मृणालनं मला सँट्रीला सोडलं. दुपारचे दोन वाजले असतील. काचेचा साधा स्टॉप, आत अरुंद बाक, समोर फ्लॅटच्या इमारती, डोक्यावरून विमानं खाली येत होती. आम्ही बसलो. एक आयरिश आजीबाई पिशव्या घेऊन आल्या, माझ्या साडीच्या काठाला हात लावून बघितला, हवेचं कौतुक करत "ग्रँड डे नाऊ" म्हणाल्या आणि गुडघेदुखीचं सांगत बसल्या. दोन बस आम्ही सोडल्या. मग ट्रॅकसूट घातलेली तीन पोरं आली. निखिलचा उजवा हात जॅकेटच्या खिशात गेला. तो खिसा रिकामा होता, पण हात आत मुठीसारखा वळलेला मला कापडातून दिसत होता. पोरं फोनमध्ये बघत उभी राहिली. बस आली, ती चढली. ड्रायव्हरला एकानं "हाऊ-या" म्हटलं. बस गेली.

निखिलनं हात बाहेर काढला. "ही ती नव्हती," तो म्हणाला.

"हो का?"

"माहीत नाही. चेहरे आठवतच नाहीत मला."

आम्ही पुढच्या बसनं गेलो. त्यानं त्या रात्री बायकोला सांगितलं आणि दोन दिवसांनी दोघं पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार लिहून आले. पुढे त्याचं काही झालं नाही. भीती गेली असंही मी म्हणणार नाही. पण शेवटचे दोन महिने तो त्याच स्टॉपवरून गेला, कधी एकटा, कधी बायकोबरोबर. मेमध्ये ती दोघं अमेरिकेला गेली. जाताना नमस्कार करायला आला तेव्हा रिव्हॉल्व्हरचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. मनात मात्र होतं. तिकडे जाऊन तो घेईल, आणि मी सुचवलेलंच घेईल, असं वाटत राहिलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी चार वाजता त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. त्याच्या मागे भिंतीवर ओळीनं लांब बंदुका लावलेल्या दिसल्या.

"निखिल, दुकानात आहेस?"

"हो काकू. आत्ताच उघडलंय. कुणी नाहीये."

मी म्हटलं, "आज घेऊ नकोस. आज नुसतं बघ, घरी जा, आठ दिवसांनी मला फोन कर."

"घ्यायला नाही आलो." तो थोडा लाजल्यासारखा हसला. "ऑफिसला जाताना रोज हे दुकान लागतं. रोज वाटायचं, काकूंना दाखवावं. मालकांना विचारलं, ते म्हणाले दाखव." आणि त्यानं फोन वळवला.

काचेचं काउंटर होतं. आत हिरव्या कापडावर रिव्हॉल्व्हरं मांडलेली, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं, आत दिव्याखाली बाक, बाकावर फडकं, तेलाची बाटली. कुणीतरी पाठमोरा वाकून काम करत होता.

निखिल हळूहळू फोन पुढे सरकवत होता. "दिसतंय ना, काकू?"

"दिसतंय," मी म्हटलं. "जरा थांब तिथेच."